हेपॅटायटिस सीच्या गोळ्या मधेच सुटल्या तर: किती दिवसांच्या खाड्याला काय करायचं

हेपॅटायटिस सीचा आजचा कोर्स बहुतेकांसाठी १२ आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा असतो. लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) नसेल तर सरकारी कार्यक्रमात सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डाक्लाटासविर ६० मिलिग्रॅम देतात. सिरॉसिस आहे, पण पोटात पाणी झालेलं नाही, कावीळ नाही, रक्ताची उलटी झालेली नाही, अशांना सोफोसबुविर-वेल्पाटासविरची ४००/१०० ची एकच गोळी. लिव्हर त्याहून बिघडलं असेल तर तीच गोळी रिबाविरिनसोबत १२ आठवडे, आणि रिबाविरिन झेपत नसेल तर नुसती २४ आठवडे. पहिल्या दोन गटांतल्या ज्यांनी कोर्स नीट पूर्ण केला त्यांच्यापैकी शंभरात ९५ च्या आसपास लोक कायमचे बरे होतात.

कोर्स मधेच सुटला तर काय, याचं सरसकट उत्तर देता येत नाही. विसाव्या दिवशी तीन गोळ्या चुकलेला माणूस आणि पन्नासाव्या दिवशी गावी जाऊन महिनाभर न परतलेला माणूस, दोघांचा हिशेब वेगळा. दोघांची चूक मात्र बहुधा एकच असते: आता डॉक्टर ओरडतील म्हणून सेंटरला जायचंच टाळतात. ज्या खाड्यावर आजच गोळी सुरू करून भागलं असतं, तो मग तीन आठवड्यांचा होऊन बसतो.

आधी हे कागदावर मांडा

पहिलं, प्रत्यक्षात औषध घेतल्याचे दिवस किती. तारखांवरून अंदाज करू नका, बाटली उघडून उरलेल्या गोळ्या मोजा. एका बाटलीत २८ गोळ्या असतात; दुसऱ्या बाटलीत १६ उरल्या असतील तर २८ अधिक १२, म्हणजे ४० दिवस झाले. सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर वेगवेगळ्या बाटल्यांत असतील तर दोन्ही मोजा. एकीत १६ आणि दुसरीत २१ निघाल्या तर काही दिवस एकच औषध पोटात गेलंय. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण एकट्या औषधासमोर विषाणू लवकर निबर होतो.

दुसरं, सलग किती दिवस चुकले. आठवड्यातून एखादी गोळी विसरणं आणि सलग दहा दिवस बंद असणं यांत मोठा फरक आहे. खालचे नियम सलग खाड्याचे आहेत. सुटी-सुटी गोळी चुकली असेल तर ठरलेल्या सगळ्या गोळ्या संपवायच्या आणि कोर्सची शेवटची तारीख तेवढे दिवस पुढे ढकलायची.

तिसरं, गोळ्या का थांबल्या. संपल्या, विसरलो, प्रवासात होतो, रिपोर्ट चांगला आला म्हणून सोडल्या, हे एका बाजूला. अंगावर पुरळ, डोळे पिवळे, चक्कर, नाडी मंद, टीबीचं किंवा फिटचं औषध सुरू झालं, हे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून गोळी परत सुरू करायची नाही. पुढचा सगळा हिशेब पहिल्या प्रकाराचा आहे.

चौथं, सिरॉसिस आहे का आणि जिनोटाइप, म्हणजे विषाणूचा उपप्रकार, माहीत आहे का. सरकारी केंद्रात बहुतेक वेळा जिनोटाइप काढलेलाच नसतो. भारतात जिनोटाइप ३ सर्वांत जास्त आढळतो आणि नेमका तोच अर्धवट औषधाला कमी दाद देतो.

एक दिवस चुकला, किंवा उलटी झाली

सोफोसबुविर-वेल्पाटासविरची गोळी नेहमीच्या वेळेपासून १८ तासांच्या आत आठवली तर लगेच घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरलेल्या वेळी. १८ तास उलटून गेले असतील तर ती सोडून द्या, पुढची वेळेवर घ्या. दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. त्याने भरपाई होत नाही. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्या, त्यानंतर झाली तर नको. जादा घेतलेली गोळी शेवटी कमी पडते, म्हणून ती कार्डावर लिहून ठेवा.

सलग खाडा पडला असेल तर

अमेरिकेतल्या लिव्हर आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून या प्रश्नावर मार्गदर्शन ठरवलं आहे. ते सोफोसबुविर-वेल्पाटासविर आणि ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर या दोन औषधांसाठी आहे, आणि पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या, सिरॉसिस नसलेल्या किंवा असला तरी लिव्हर सांभाळून असलेल्या पेशंटपुरतं आहे. त्याला मोठ्या चाचण्यांपेक्षा जाणकारांच्या मताचा आधार जास्त आहे, तरीही हाताशी असलेलं सगळ्यात कामाचं कोष्टक तेच. डाक्लाटासविरच्या कोर्सलाही डॉक्टर साधारण याच वाटेने विचार करू शकतात, पण तिथे त्यांचा शब्द अंतिम. पोटात पाणी झालेल्या, लिव्हर प्रत्यारोपण झालेल्या किंवा आधी याच औषधांनी बरे न झालेल्या पेशंटनी हे नियम स्वतःला लावू नयेत. त्यांनी थेट पोटविकार तज्ज्ञ गाठावा.

सीमारेषा २८ दिवसांची आहे.

पहिल्या २८ दिवसांचं औषध पूर्ण होण्याआधी ७ दिवसांपर्यंत खाडा पडला, तर आजच सुरू करा आणि ठरलेला कोर्स पुरा करा. बस. ८ दिवस किंवा जास्त झाले असतील तरी आजच सुरू करायचं, आणि शक्यतो त्याच दिवशी एचसीव्ही आरएनएसाठी, म्हणजे रक्तात विषाणू आहे का हे दाखवणाऱ्या तपासणीसाठी, रक्त द्यायचं. रिपोर्टसाठी गोळी थांबवायची नाही. आधी गोळी, मग रक्त, असा क्रम झाला तरी बिघडत नाही. रिपोर्टमध्ये विषाणू आढळला नाही तर ठरलेला कोर्स पूर्ण करायचा. जिनोटाइप ३ किंवा सिरॉसिस असेल तर ४ आठवडे वाढवायचे. विषाणू आढळला, किंवा तपासणीच झाली नाही, तर सगळ्यांनाच ४ आठवडे जादा.

२८ दिवस किंवा त्याहून जास्त औषध झाल्यावर ७ दिवसांपर्यंतचा खाडा पडला तर तोच नियम, सुरू करा आणि पूर्ण करा. ८ ते २० दिवसांचा असेल तर आजच सुरू करा, त्याच दिवशी आरएनएचं रक्त द्या. विषाणू नसेल तर कोर्स पूर्ण, आणि जिनोटाइप ३ किंवा सिरॉसिसला ४ आठवडे वाढवून. विषाणू असेल किंवा तपासणी होऊच शकली नाही, तर तो कोर्स थांबवून नव्याने, वेगळ्या औषधयोजनेचा विचार करायचा. २१ दिवस किंवा जास्त झाले असतील तर उरलेल्या गोळ्या सुरू करायच्याच नाहीत. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी आरएनए तपासायचा आणि मग ठरवायचं.

उदाहरणच घ्या. वेल्पाटासविरच्या कोर्सचे ४० दिवस झाले, मग ११ दिवस बंद. २८ चा टप्पा ओलांडलाय आणि खाडा ८ ते २० मधला आहे. आज रात्रीची गोळी घ्यायची, आज नाहीतर उद्या सकाळी रक्त द्यायचं. विषाणू नाही असा रिपोर्ट आला तर उरलेल्या ४४ गोळ्या घ्यायच्या. जिनोटाइप ३ असेल तर त्यावर आणखी २८, म्हणजे ७२. जिनोटाइप काढलेलाच नसेल तर? आपल्याकडे ३ चं प्रमाण पाहता तोच आहे असं धरून २८ गोळ्या वाढवून मागणं शहाणपणाचं, असं आमचं मत. एक बाटली जास्त देणं हे नंतर सहा महिन्यांचा दुसरा कोर्स देण्यापेक्षा केव्हाही सोपं आहे.

रिपोर्ट वाचताना एक खाच लक्षात ठेवा. 'आढळला नाही' आणि 'आढळला, पण मोजमापाच्या मर्यादेखाली' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. या कोष्टकात पॉझिटिव्ह म्हणजे २५ युनिटच्या वर. मशीन जीनएक्सपर्ट असो की गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट, रिपोर्टवर आकडा आणि मर्यादा दोन्ही लिहून आणा. नुसतं 'निगेटिव्ह' असं तोंडी ऐकून परतू नका.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग का घ्यायच्या?

मधेच सोडण्याचं सगळ्यात फसवं कारण हेच. चौथ्या आठवड्यात बहुतेकांच्या रक्तात विषाणू सापडत नाही, भूक परत येते, एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा रक्तातला आकडा) उतरलेला असतो. माणसाला वाटतं, झालं काम.

उपचार नसताना हा विषाणू दिवसाला सुमारे एक लाख कोटी प्रती तयार करतो आणि रक्तातला त्याचा अर्धा साठा तीनेक तासांत संपून नव्याने भरतो. गोळी सुरू झाली की ही निर्मिती जवळपास बंद पडते, म्हणून रक्त काही आठवड्यांत स्वच्छ दिसतं. लिव्हरच्या बाधित पेशी मात्र त्या मानाने सावकाश साफ होतात आणि त्या साध्या रक्ततपासणीत दिसत नाहीत. पाऊस थांबला म्हणजे विहिरीतला गाळ निघाला असं होत नाही. त्यात एक दिलासा आहे: हेपॅटायटिस बी किंवा एचआयव्ही पेशीच्या केंद्रात कायमचं घर करतात तसं हा विषाणू करत नाही, म्हणून पुरेसे दिवस औषध मिळालं तर तो मुळापासून जातो.

पुरेसे दिवस म्हणजे किती, हे तपासून झालंय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात सिरॉसिस नसलेल्या पेशंटना फक्त ४ आठवडे औषध दिलं. तीन औषधं एकत्र घेतलेल्या २५ पैकी १० बरे झाले, चार औषधं घेतलेल्या २५ पैकी ५. औषधांची संख्या वाढवून दिवसांची कसर भरून निघाली नाही. दुसरीकडे २०१४ च्या एका मोठ्या चाचणीत लेडिपासविर-सोफोसबुविर ८ आठवडे दिलं तेव्हा ९४ टक्के आणि १२ आठवडे दिलं तेव्हा ९५ टक्के लोक बरे झाले. विषाणू उलटण्याचं प्रमाण मात्र ५ टक्के विरुद्ध १ टक्का होतं. वॉशिंग्टन डीसीमध्ये इंजेक्शनने नशा करणाऱ्या १०० जणांना वेल्पाटासविरचा कोर्स दिला, तेव्हा अनेकांचा क्रम तुटूनही ८२ बरे झाले, आणि ज्यांनी किमान दोन बाटल्या संपवल्या त्यांना यश जास्त मिळालं.

यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. पहिल्या महिन्यात सोडलं तर बहुधा वाया गेलं. दोन बाटल्यांनंतर सुटलं तर आशा धरायला जागा आहे, पण भरवसा नाही, आणि जिनोटाइप ३ किंवा सिरॉसिस असेल तर आणखी कमी. शेजारच्याचा कोर्स ८ आठवड्यांत संपला असेल तर त्याचं औषध वेगळं असणार. ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर हे मुळातच ८ आठवड्यांचं आहे. त्याचा हिशेब डाक्लाटासविरला लावू नका.

अर्धवट सोडल्यावर लिव्हरमध्ये काय होतं

गोळी बंद केल्याने लगेच काही त्रास होत नाही, अंगाला झटका बसत नाही. विषाणू उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ४ आठवड्यांतच, आणि जवळजवळ नेहमी १२ आठवड्यांच्या आत उलटतो. मग एसजीपीटी पुन्हा चढतो, लिव्हरची झीज होती तिथून पुढे सुरू होते, आणि रक्तातून दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही परत येतो.

दुसरा तोटा न दिसणारा आहे. अर्धवट औषधातून वाचलेल्या विषाणूत बरेचदा डाक्लाटासविर आणि वेल्पाटासविर ज्या जागी काम करतात तिथे बदल झालेला असतो. जिनोटाइप ३ मधला वाय-९३-एच हा त्यातला कुप्रसिद्ध. असे बदल औषध बंद केल्यावरही वर्षानुवर्षं टिकून राहतात. सोफोसबुविरला न जुमानणारा बदल क्वचित होतो आणि झाला तरी लवकर विरतो, म्हणून दुसऱ्या वेळी सोफोसबुविर परत वापरता येतं.

हेपॅटायटिस बीसुद्धा असलेल्यांनी इथे फार सांभाळायचं. त्यांना टेनोफोविर किंवा एंटेकाविर चालू असेल तर सीच्या गोळ्या सुटल्या म्हणून ते बंद करायचं नाही. सी दबला की बी उसळू शकतो, आणि बीचं औषध अचानक तोडलं तर लिव्हर गंभीर बिघडू शकतं. कोर्सच्या आधी एचबीएसएजी ही बीची चाचणी करतात ती यासाठीच.

थांबवणंच योग्य, अशा वेळा

एसजीपीटी कोर्सच्या सुरुवातीपेक्षा दहापट चढला; किंवा चढ त्याहून कमी असला तरी सोबत डोळे पिवळे, उलट्या, गळून गेल्यासारखं होत असेल; हृदयासाठी अमिओडारोन चालू असताना सोफोसबुविर सुरू केलं आणि नाडी मंद झाली किंवा घेरी आली; ग्लेकाप्रेविर चालू असताना पोटात पाणी झालं. या सगळ्यांत त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, नाडी आणि घेरीच्या बाबतीत थेट इमर्जन्सी.

टीबीचं निदान झालं तर पेच वेगळा. रिफाम्पिसिन शरीरातलं वेल्पाटासविर, डाक्लाटासविर आणि सोफोसबुविर इतकं खाली आणतं की गोळी घेऊनही न घेतल्यासारखीच. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल ही फिटची औषधंही तशीच. सहसा टीबी आधी, सी नंतर, हा क्रम ठरतो. पण तो कोर्स सुरू होण्याआधी ठरायला हवा. म्हणून खोकला, ताप, वजन घटणं असेल तर पहिली बाटली घेण्याआधीच सांगा.

रिबाविरिनमुळे हिमोग्लोबिन उतरतं. १० च्या खाली गेलं तर डोस कमी करतात, ८.५ च्या खाली गेलं तर रिबाविरिन बंद करतात. फक्त रिबाविरिन. घरी मात्र 'गोळ्या बंद करा' एवढंच लक्षात राहतं आणि सगळंच थांबतं. डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या, ही बंद, ही चालू. गर्भधारणा झाल्याचं कळलं तर रिबाविरिन लगेच थांबवायचं, बाकीच्यांचा निर्णय डॉक्टरांसोबत. रिबाविरिन संपल्यावरही पुढे गर्भधारणा टाळायची असते: बाईने ते घेतलं असेल तर किमान नऊ महिने, नवऱ्याने घेतलं असेल तर किमान सहा महिने.

डोकेदुखी, थकवा, मळमळ यासाठी कोर्स सोडण्याची गरज जवळपास कधीच पडत नाही. गोळी रात्री जेवणानंतर घेऊन पाहा. पॅरासिटामॉल चालतं, सिरॉसिस असेल तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक सिरॉसिसमध्ये नको.

कोर्स सुटलाच असेल तर पुढचं वेळापत्रक

शेवटची गोळी प्रत्यक्ष कधी घेतली ती तारीख धरा आणि ८४ दिवस मोजा. १० जानेवारीला शेवटची घेतली तर साधारण ४ एप्रिल. त्या सुमारास आरएनए तपासा. विषाणू नसेल तर अर्धवट कोर्समध्येही तुम्ही बरे झालात, आणखी औषध लागत नाही. ही तपासणी चुकवणारे खूप आहेत. त्यातले काही विनाकारण धास्तीत राहतात, काही आजार परत आलाय हे न कळता.

विषाणू असेल तर खासगीत मिळाल्यास सोफोसबुविर-वेल्पाटासविर-वॉक्सिलाप्रेविर १२ आठवडे हा उत्तम पर्याय. आधीच्या औषधांनी बरे न झालेल्यांवरच्या मोठ्या चाचणीत त्याने ९६ टक्के बरे झाले. लिव्हर पूर्ण बिघडलेल्यांना ते चालत नाही. दुसरी वाट सोफोसबुविर-वेल्पाटासविर आणि रिबाविरिन २४ आठवडे, म्हणजे १६८ गोळ्या, दर काही आठवड्यांनी हिमोग्लोबिन. हे जिल्ह्याच्या केंद्रावर न होता बहुधा मोठ्या मॉडेल ट्रीटमेंट सेंटरकडे पाठवलं जातं, म्हणून जुन्या कोर्सची नोंद, किती गोळ्या, कुठली, कुठल्या तारखांना, सोबत हवीच.

सिरॉसिस असलेल्यांनी विषाणू गेला असो वा नसो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची. लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही.

कोर्स कुठे तुटतो आणि आधीच काय करता येतं

बाटली संपण्याच्या दिवशी सेंटरला जाऊ नका. ७ गोळ्या उरल्या की जा. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर जायचं असेल तर निघण्याआधी सांगा. जास्त बाटल्या एकदम मिळतात का किंवा तिकडच्या केंद्रावर नाव वर्ग होतं का, हे विचारा. एकदम गोळ्या दिल्या तर लोक नीट घेत नाहीत हा समज खरा नाही: पाच देशांतल्या सुमारे ४०० जणांना वेल्पाटासविरच्या सगळ्या ८४ गोळ्या पहिल्याच दिवशी हातात दिल्या, मधे कुठली तपासणी नाही, तरी ९५ टक्के बरे झाले.

उपासाला गोळी चालते. वेल्पाटासविर आणि डाक्लाटासविर दोन्ही रिकाम्या पोटी घेता येतात. रोजा असेल तर इफ्तारची वेळ कायमची ठरवून टाका. ॲसिडिटीचं औषध मात्र वेल्पाटासविरला अडवतं. अँटासिड आणि गोळी यांत ४ तास ठेवा. ओमेप्राझोल टाळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून २० मिलिग्रॅमपर्यंतच, आणि वेल्पाटासविर जेवणासोबत घेऊन त्यानंतर ४ तासांनी. काविळीवरचा झाडपाला या १२ आठवड्यांत नको. एसजीपीटी चढला तर तो कशाने चढला हेच कळत नाही, आणि डॉक्टरला सगळंच थांबवावं लागतं.

दारूचं स्पष्ट बोलायला हवं. 'पिऊ नका' असं सांगितलं की पिणारा माणूस प्यायच्या दिवशी गोळी सोडतो, मग दुसऱ्या दिवशीही सोडतो. दारू लिव्हरला वाईटच. पण प्यायला असाल तरी त्या रात्रीची गोळी घ्या.

आणि बरं झाल्यावर अँटीबॉडी चाचणी पुन्हा करून घाबरू नका, ती बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह येते. ऑपरेशनच्या आधी किंवा आखाती देशातल्या नोकरीच्या मेडिकलला हाच प्रश्न निघतो. तेव्हा दाखवायचा असतो तो १२ आठवड्यांनंतरचा आरएनए रिपोर्ट. त्याची झेरॉक्स काढून मूळ कागद वेगळा ठेवा, मशीनच्या कागदावरची शाई वर्षभरात उडते.